आपोआप झालं की कुणी केलं?

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या घरी डाळ-तांदळाचे डबे अंगणात निघत. आई परातीत तूरडाळ पसरायची, भुंगे निवडायची, हाताला एरंडेल घेऊन डाळ चोळायची आणि डब्यात भरताना वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकायची. एखाद्या डब्यात जास्तच कीड निघाली की म्हणायची, “नीट वाळली नव्हती, म्हणून किडे झाले.” पुढे आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा कुठे हे ‘झाले’ माझ्या कानाला टोचलं. मराठीत डाळीत किडे होतात, डोक्यात उवा होतात, पेरूत अळ्या पडतात. कुणी अंडी घातली, ती उबली, मग अळी बाहेर आली, हा सगळा व्यवहार आपण जाणतो. पण बोलताना मात्र किडे आपोआपच होतात. आपल्या क्रियापदात एक फार जुनी समजूत जिवंत आहे.

ही समजूत एकट्या मराठीची नाही. ऐतरेय उपनिषदात प्राण्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: अंड्यातून होणारे, गर्भातून होणारे, जमीन फोडून येणारे आणि चौथे स्वेदज, म्हणजे घामातून, ओलसर उष्णतेतून होणारे. उवा-ढेकूण त्यांत आले. छांदोग्यात मात्र तीनच प्रकार आहेत, स्वेदज नाहीत. ग्रीकांमध्ये ॲरिस्टॉटलनं हेच मानलं आणि त्याच्यामागे पंधरा-सोळाशे वर्षांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा मोठा आचार्य थॉमस अक्वायनस यानंही मानलं, की कुजणाऱ्या पदार्थातून काही क्षुद्र प्राणी उपजतात. त्याच्या आधी, चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात, ऑगस्टीननं तर असं मांडलं होतं की देवानं आरंभीच पुढच्या सृष्टीची बीजं महाभूतांत पेरून ठेवली आणि ती आपापल्या वेळी उगवत गेली.

जीवोत्पत्तीच्या वादाचा आढावा इथूनच घ्यायला हवा, कारण आज आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते याच्या नेमकं उलट आहे. ‘जीव निर्जीवातून आपोआप झाला’ म्हणणारा नास्तिक आणि ‘देवानं केला’ म्हणणारा आस्तिक, अशी दोन टोकं आपण धरून बसलो आहोत. पण अनेक शतकं आस्तिकांनीच आपोआप होणं मान्य केलं होतं आणि त्यांच्या देवाला त्यानं काही धक्का लागला नव्हता. कोण कोणत्या बाजूला उभं राहिलं हे काळाप्रमाणे बदलत गेलं. श्रद्धेनं या शोधाला जितकं अडवलं त्याहून जास्त अडवलं ते उत्तर मिळाल्याच्या घाईनं, आणि ही घाई आस्तिक-नास्तिक दोघांनीही केली. हे मी उगाच तराजू सारखा दिसावा म्हणून म्हणत नाही. पुढच्या हकिगती तेच सांगतात.

१६६८ साली फ्लॉरेन्सच्या दरबारातला वैद्य फ्रांचेस्को रेडी यानं मांसाचे तुकडे बरण्यांत ठेवले. काही उघड्या ठेवल्या, काही पक्क्या बंद केल्या आणि काहींच्या तोंडाला विरळ कापड बांधलं. उघड्या बरण्यांत माश्या बसल्या, अळ्या झाल्या. कापड बांधलेल्या बरण्यांत मांस सडलं, पण त्यात अळ्या नव्हत्या. अंडी कापडावरच राहिली. प्रयोग इतका सोपा की चौथीतलं मूल करील. रेडीचा विश्वास होता की आरंभीच्या निर्मितीनंतर प्रत्येक प्राणी आपल्या जातीच्या बीजातूनच येतो. म्हणजे इथे श्रद्धेनं प्रयोगाला बळ दिलं. तरी झाडाच्या पानांवर येणाऱ्या गाठींतले किडे मात्र झाडाच्याच चैतन्यातून होतात, असं तो मानत राहिला. त्यांच्यावर त्याचं कापड बांधता येत नव्हतं.

पुढच्या शतकात सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या जीवांवरून वाद पेटला आणि त्यातले दोन्ही पहिलवान कॅथलिक धर्मगुरू होते. इंग्लंडचा जॉन नीडहॅम मटणाचा रस्सा तापवून, बाटलीला बूच मारून ठेवी. काही दिवसांनी तो जीवांनी गजबजलेला दिसे. म्हणून त्याचं मत, पदार्थातच जीव घडवणारी शक्ती असते. इटलीचा लाझारो स्पालान्झानी यानं १७६५ च्या सुमारास बाटल्यांची तोंडं काच वितळवूनच बंद केली आणि त्या चांगल्या तासभर उकळल्या. आत काही उपजलं नाही. नीडहॅम म्हणाला, एवढं उकळून तू ती शक्तीच मारलीस. हा आक्षेप खोडून काढणं त्या वेळी कुणालाच जमलं नाही. गंमत अशी की चर्चवर आयुष्यभर तुटून पडणारा व्हॉल्टेअर या भांडणात नीडहॅमच्या विरुद्ध उतरला, कारण नीडहॅमचे प्रयोग पॅरिसचे निरीश्वरवादी आपल्या कामाला लावत होते आणि जगाला कर्ता आहे हे व्हॉल्टेअरला सोडवत नव्हतं.

या कहाणीचा गाभा मला लुई पाश्चरच्या पर्वात दिसतो, म्हणून तिथे थोडं थांबतो. १८५० च्या दशकाच्या अखेरीस रूआंचा निसर्गशास्त्रज्ञ फेलिक्स पूशे यानं पुन्हा जाहीर केलं की जीव आपोआप होतात. पूशे काही नास्तिक नव्हता. देवाची निर्मिती एकदाच होऊन संपली नाही, ती अखंड चालू आहे आणि आपोआप होणारे जीव हे तिचंच रूप, असं तो म्हणे. पण काळ वेगळा होता. तिसऱ्या नेपोलियनचं राज्य, चर्चचा दरारा, त्यात १८६२ साली डार्विनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर आलं तेच चर्चविरोधी प्रस्तावना लेवून. जीव आपोआप होणं म्हणजे जडवाद आणि जडवाद म्हणजे राज्याला धोका, असं समीकरण पॅरिसमध्ये तयार झालं. पूशेचं स्वतःचं मत काय होतं याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही.

पाश्चर कॅथलिक आणि वृत्तीनं परंपरावादी. त्यानं हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेले काचेचे चंबू केले. आत यीस्टचं गोड पाणी उकळलं. नळी उघडी, हवा आत जायला मोकळी. पण हवेतली धूळ त्या वळणावर अडकून बसे. पाणी महिनोन् महिने स्वच्छ राहिलं. मान मोडली की काही दिवसांत गढूळ झालं. नीडहॅमचा आक्षेप इथे निकालात निघाला: शक्ती उकळून मेली म्हणावं, तर मान मोडताच ती कुठून आली? १८६० साली पाश्चर वीस बंद चंबू घेऊन आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर चढला आणि ते तिथल्या हवेत उघडून पुन्हा बंद केले. वीसांपैकी एकच नासला. खाली त्याच्या आर्बोआ गावाजवळ उघडलेल्या वीसांपैकी आठ नासले होते. धूळ कमी तिथे जीव कमी, इतका सरळ हिशोब.

७ एप्रिल १८६४ रोजी सॉरबॉनच्या सभागृहात त्यानं हे जाहीर व्याख्यानात मांडलं. अंधार करून प्रकाशाचा एकच झोत सोडला आणि हवेत तरंगणारी धूळ लोकांना दाखवली. त्या व्याख्यानात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडच्या आहेत. पदार्थ स्वतःच जीव घडवू लागला तर निर्मात्याची गरज काय उरली, हे त्यानं सभेपुढे ठेवलं. आणि पुढे असंही बजावलं की इथे धर्म, तत्त्वज्ञान, नास्तिकता यांतलं काहीच चालायचं नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. मनात कौल ठरलेला होता, तरी निवाडा चंबूवर सोपवला. मला या माणसाबद्दल जो आदर आहे तो त्याच्या दुसऱ्या वाक्यामुळे आहे.

पण चंबूनंही पूर्ण निवाडा दिला नव्हता. पूशेनं यीस्टऐवजी वाळलेल्या गवताचा काढा वापरला होता आणि पिरेनीज पर्वतावर उघडलेले त्याचे चंबू नासले होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीपुढे तो प्रयोग करायचा ठरला, तेव्हा अटी न पटल्यानं पूशेच्या बाजूनं माघार घेतली. माघार घेतली नसती तर समितीची पंचाईत झाली असती. गवतावर असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, हे १८७६-७७ मध्ये फर्डिनंड कोन आणि जॉन टिंडल यांच्या कामातून कळलं. पूशेनं जे पाहिलं ते खरं होतं, काढलेला अर्थ चूक होता. पाश्चर बरोबर होता, पण त्या गवताचं उत्तर त्या दिवशी त्याच्याकडे नव्हतं.

पाश्चरनं एवढंच सिद्ध केलं की आजच्या काळात, आजच्या परिस्थितीत जंतू जंतूंपासूनच येतात. पहिला जीव कुठून आला, हा प्रश्न त्यानं उलट जास्त अवघड करून ठेवला.

डार्विन या प्रश्नापाशी कायम जपून पावलं टाकत राहिला. इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण आपल्याकडच्या चर्चेत ती फार होते. उत्क्रांती म्हणजे असलेल्या जीवांत पिढ्यान् पिढ्या होत गेलेला बदल. जीवोत्पत्ती म्हणजे पहिला जीव येणं. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ पहिल्या गोष्टीबद्दल आहे. दुसरीबद्दल त्यात शेवटी एक ओझरता उल्लेख आहे, की आरंभी थोड्या किंवा एकाच रूपात प्राण फुंकला गेला. १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत तो कुणी फुंकला हे नव्हतं. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘निर्मात्यानं’ हा शब्द आला. तीन वर्षांनी मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात डार्विननं कबूल केलं की लोकमतापुढे आपण वाकलो याचा खेद होतो. पुढे १८७१ मध्ये त्याच मित्राला त्यानं कल्पना लिहिली, की अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, ऊन, ऊब, वीज हे सगळं एखाद्या कोमट डबक्यात एकत्र आलं असतं तर? हे त्यानं छापलं नाही, पत्रातच ठेवलं.

त्याच्या बाजूच्यांना मात्र घाई होती. डार्विनचा खंदा पाठीराखा टॉमस हक्सली यानं १८६८ साली अटलांटिकच्या तळातून काढलेल्या, अल्कोहोलमध्ये जपलेल्या गाळात एक चिकट द्रव पाहिला आणि तो आदिजीव असल्याचं जाहीर करून त्याला ‘बाथीबियस’ नाव दिलं. जर्मनीत हेकेलनं ते उचलून धरलं. सजीव-निर्जीवामधला दुवा सापडला! मग ‘चॅलेंजर’ नावाचं जहाज जगाचे समुद्र धुंडाळायला निघालं. ताज्या गाळात बाथीबियस कुठेच दिसेना. जहाजावरचा रसायनज्ञ बुकॅनन याच्या लक्षात आलं की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की तसाच साका बसतो. तो जिप्सम होता. हक्सलीनं १८७५ साली चूक जाहीरपणे मान्य केली. हेकेल पुढेही बराच काळ अडून राहिला. अज्ञेयवादी हा शब्द ज्यानं घडवला त्या हक्सलीलाही आपल्याला हवं ते गाळात दिसलं होतं.

आपल्याकडचा इतिहास याहून वेगळ्या वळणानं गेला आहे. जगाला कर्ता असलाच पाहिजे, हे आपल्या परंपरेत कधीच एकमुखानं मान्य नव्हतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टीचा उगम विचारतं आणि जो वरून हे सारं पाहतो त्याला तरी ते ठाऊक असेल का, अशी शंका ठेवून थांबतं. चार्वाकांचं म्हणणं चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त आलं आहे: गूळ, धान्य यांत वेगवेगळं पाहिलं तर नशा नसते, पण किण्व पडून ती आंबली की नशा उत्पन्न होते, तसंच चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. घटकांत नसलेला गुण मिश्रणात येतो, हा विचार आजच्या जीवोत्पत्तीच्या शोधाचा पाया आहे. जैनांनी तर कर्ता ईश्वर साफ नाकारला. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी ‘आदिपुराणा’त जगत्कर्त्याच्या कल्पनेची एकेक करून चिरफाड केली. ज्या राष्ट्रकूट घराण्यानं वेरूळचं कैलास लेणं खोदवलं, त्याच घराण्यातला राजा अमोघवर्ष या जिनसेनांना गुरू मानत होता. शिवासाठी डोंगर कोरणारं आणि कर्त्याला नाकारणाऱ्याच्या पायाशी बसणारं घर एकच होतं.

हे सगळं खरं असूनही एकोणिसाव्या शतकात युरोपातून विज्ञान आलं तेव्हा आपला पहिला प्रतिसाद ‘हे आमच्याकडे होतंच’ असा झाला. दशावतार म्हणजे उत्क्रांती, ही कल्पना मी शिक्षक-खोलीत, कीर्तनात, लग्नाच्या पंगतीत इतक्या वेळा ऐकली आहे की ती पुराणाइतकीच जुनी असावी असं वाटे. ती तशी जुनी नाही. थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्कीनं १८७७ साली ती मांडली, केशवचंद्र सेनांनी १८८२ च्या सुमारास ती उचलली आणि मग ती सर्वतोमुखी झाली. मासा, कासव, डुक्कर, अर्धा माणूस, पूर्ण माणूस: ओळ जुळते. पण पृथ्वीवर जिवाच्या सर्वांत जुन्या खुणा साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत आणि मासे आले ते जेमतेम ५० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे जीवोत्पत्तीचा प्रश्न मत्स्यावताराच्या ३०० कोटी वर्षं आधीचा आहे. शिवाय अवतारांत एकच विष्णू हेतूनं रूपं धारण करतो. उत्क्रांतीत ना हेतू, ना एकच कर्ता. दशावतार हे भक्तीचं आणि संकटात आधार देणारं फार समृद्ध चित्र आहे, आणि त्याला प्राणिशास्त्राचा धडा करताना आपण त्यातली भक्तीही गमावतो, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात या विषयाला सर्वांत धारदार हात जोतीराव फुल्यांनी घातला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबाशी संवाद करताना त्यांनी ब्रह्मदेवाच्या मुख-बाहू-पायांपासून वर्ण निर्माण झाले या कथेला प्रसूतिशास्त्राचे प्रश्न विचारले. जन्म द्यायचा तर गर्भ लागतो, विटाळ येतो, मग तो त्या त्या अवयवाला येत होता का? मत्स्यावताराबद्दल तेच: मासा आणि माणूस यांची इंद्रियं, आहार, झोप, प्रजोत्पादन सगळं निराळं, मग एकाच्या पोटी दुसरा कसा? अवतारकथांमध्ये त्यांना आक्रमणाचा आणि जिंकलेल्यांना दडपण्याचा इतिहास दिसला. तो इतिहास म्हणून कितपत टिकतो हा वेगळा वाद आहे. पण उत्पत्तीच्या धर्मकथेला शरीरशास्त्राच्या कसोटीवर घासण्याचं इतकं रोखठोक काम मराठीत त्याआधी माझ्या वाचनात नाही. आणि हेच जोतीराव निर्मात्यावर ठाम विश्वास ठेवत. त्याला ते ‘निर्मीक’ म्हणत, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्याच्याच नावानं मानवाचे हक्क सांगत. त्यांचं भांडण निर्मात्याशी नव्हतं. उत्पत्तीची कथा सांगून माणसाला जन्मभर खाली ठेवणाऱ्या व्यवस्थेशी होतं. आपल्याकडे उत्पत्तीचा प्रश्न युरोपासारखा ‘देव आहे की नाही’ इथे न अडता ‘कोण कुणाच्या पायातून जन्मला’ इथे अडला, हे फुल्यांनी ओळखलं.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त दुसरी वाट धरली. सांख्यांच्या गुणपरिणामाशेजारी त्यांनी हेकेलचं मत ठेवलं, त्याला जडाद्वैत म्हटलं, साम्य दाखवलं आणि ते कुठे पुरत नाही हेही सांगितलं. ‘आमच्याकडे होतंच’ची छटा तिथे आहे, पण प्रतिपक्ष मुळातून वाचलेला आहे. आज तसं वाचणारे कमी झाले.

विसाव्या शतकात प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत आला. मॉस्कोत ओपारिननं १९२४ साली आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेननं १९२९ साली, एकमेकांना न विचारता, सांगितलं की आरंभीच्या पृथ्वीवर मुक्त प्राणवायू नव्हता, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ साठत गेले आणि त्या पातळ रशात जीव घडला. दोघंही जडवादी. हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, कुर्ता-धोतर नेसू लागले, मांसाहार सोडला, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारले. ओपारिनच्या देशात मात्र जडवाद हाच राज्यधर्म झाला होता. तिथे ओल्गा लेपेशिन्स्काया यांनी पेशी नसलेल्या द्रव्यातून पेशी तयार होतात असा दावा केला. १९५० मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं आणि विज्ञान अकादमीत वजन असलेल्या ओपारिननं त्यांची पाठराखण केली. दावा खोटा होता. राज्याला हवं ते उत्तर होतं म्हणून तो काही वर्षं टिकला.

१९५२-५३ साली शिकागोत स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्यानं हॅरल्ड यूरींच्या हाताखाली काचेचं एक यंत्र जोडलं. खालच्या चंबूत पाणी उकळतं आहे; वरच्या मोठ्या चंबूत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ; त्यात विजेच्या ठिणग्या. वाफ थंड होऊन पुन्हा खाली. एका दिवसात पाणी गुलाबी झालं, आठवड्यात गडद लाल आणि गढूळ. त्यात ग्लायसिन, ॲलॅनिन अशी अमिनो आम्लं सापडली, म्हणजे प्रथिनांच्या विटा. वीट म्हणजे घर नव्हे, हे मिलरला नीट माहीत होतं. पुढे आरंभीच्या वातावरणात इतका मिथेन-अमोनिया नसावा, असा आक्षेपही आला. तरी नंतरच्या सगळ्या कामाची दिशा या प्रयोगानं ठरवली: प्रश्न हातात घेऊन पाहता येतो.

त्याच सुमारास अलाहाबाद विद्यापीठात कृष्ण बहादूर उन्हात चंबू ठेवत होते. मॉलिब्डेट, फॉस्फेट, क्षार आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या मिश्रणावर ऊन पडलं की सूक्ष्म गोळे तयार होत, वाढत, त्यांना कोंब फुटत. त्यांनी नाव दिलं ‘जीवाणू’, जीवाचा अणू. आज मराठीत हाच शब्द आपण बॅक्टेरियासाठी वापरतो, म्हणून वाचताना जपावं लागतं. शब्द संस्कृत, जीव-निर्जीवात कडक भिंत न मानणारी दृष्टीही इथलीच, आणि काम अस्सल रसायनशास्त्राचं. नासाच्या वतीनं १९६७ साली या कामाचा आढावा घेणाऱ्यांत श्रीलंकेत जन्मलेले, मद्रासला तत्त्वज्ञान शिकलेले सिरिल पोन्नम्पेरुमा होते. त्या गोळ्यांचं स्वरूप स्पष्ट होत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि विषय मागे पडला. अलाहाबादच्या या कामाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत एखादा परिच्छेद तरी असायला हवा होता, दाव्यासह आणि आक्षेपांसह.

जीव बाहेरून आला असेल, ही शक्यता पुण्याशी जोडलेली आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ती लावून धरली आणि हॉइल यांचे शिष्य, पुण्याचे जयंत नारळीकर यांनी ती तपासायला घेतली. इस्रोच्या साहाय्यानं हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. २००५ च्या उड्डाणातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या; एकीला हॉइल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटांचं नाव मिळालं. या जाती अतिनील किरणांना त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त तोंड देत होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोनं सांगितलं की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. असं वाक्य लिहायला धैर्य लागतं. याउलट विक्रमसिंघे १९८१ साली अमेरिकेत आर्कान्सासच्या खटल्यात सृष्टिवाद्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला उभे राहिले. जीव आपोआप होणं अशक्य, या मुद्द्यावर दोघांचं जुळलं होतं.

अमेरिकेतल्या त्या खटल्यांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. १९२५ चा स्कोप्स खटला, १९८१-८२ चा आर्कान्सासचा, १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २००५ चा डोव्हरचा. धर्मकथेला विज्ञान म्हणून वर्गात आणता येणार नाही, हे शेवटच्या तिन्हींत ठरलं. डोव्हरमध्ये उत्क्रांतीच्या बाजूनं साक्ष देणारा प्रमुख शास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धावान कॅथलिक होता. कॅथलिक चर्चनं १९५० साली उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली होती आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती केवळ कल्पना उरलेली नाही असं मान्य केलं. यातली एक हकिगत मात्र सांगण्यासारखी आहे. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या आरंभाचा नवा सिद्धांत म्हणजे बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’चीच साक्ष, असं भाषण केलं. तो सिद्धांत मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू. त्याला हे मुळीच रुचलं नाही. असं जोडू नका, असं त्यानं पोपच्या सल्लागारांना सांगितलं आणि पोपनं पुन्हा तसं केलं नाही. सिद्धांत उद्या बदलला तर धर्माचं काय, आणि धर्माशी बांधला तर सिद्धांत बदलणार कसा, या दोन्ही काळज्या त्याला होत्या. आपल्या दशावताराला असा लमेत्र भेटला नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. शिक्षणखात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधानं टाळायला सांगितलं. तेव्हा वाटलं, मिटलं. पण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’चं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात तो धडा पहिलाच आहे, याचा मला अभिमान वाटतो. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांना ‘आपण कुठून आलो’ हे वर्गात ऐकायची ती शेवटची संधी असते. ती काढून घेणं मला फार लागलं. धर्माचं त्यानं काय भलं झालं, हे कुणी मला समजावून सांगितलेलं नाही.

तर आज हा शोध कुठे उभा आहे? घराच्या विटा मिळतात, हे पक्कं. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत सत्तराहून अधिक अमिनो आम्लं सापडली. आरएनए हा रेणू माहिती साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो, हे सिडनी ऑल्टमन आणि टॉमस चेक यांनी दाखवलं. १९८९ चं नोबेल त्यासाठीच. त्यामुळे आधी डीएनए की आधी प्रथिनं हा कोंबडी-अंड्याचा पेच बराच सैल झाला. आरएनएचे काही घटक साध्या रसायनांपासून तयार होऊ शकतात, हे मँचेस्टरच्या जॉन सदरलंडच्या गटानं २००९ मध्ये करून दाखवलं. पण ते घटक पाण्यात जोडले जाऊन लांब साखळी कशी झाली, तिची नक्कल विकरांशिवाय कशी होऊ लागली, पेशीची पिशवी तिच्याभोवती कधी आली, हे सुटलेलं नाही. जागेवरही मतभेद आहेत. एक गट समुद्रतळावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवतो, दुसरा जमिनीवरच्या, आलटून पालटून वाळणाऱ्या नि भिजणाऱ्या डबक्यांकडे. म्हणजे डार्विननं पत्रात दडवलेलं ते डबकं पुन्हा चर्चेत आहे. या न सुटलेल्या जागी देव बसवणारे आणि ‘सुटल्यातच जमा’ म्हणणारे, दोघांनीही हक्सलीचा गाळ आठवावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती नासाच्या यानानं पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले: प्रथिनांत लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्यात आहेत, डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक आहेत, आणि खारट पाणी आटून उरलेले क्षार आहेत. अमिनो आम्लं आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपांत असतात, डावखुरी आणि उजवी. आपल्या शरीरातली प्रथिनं, गवतातली, त्या डाळीतल्या भुंग्यातली, सगळी डावखुऱ्या आम्लांची. मर्चिसनसारख्या काही अशनींत डावखुरी जराशी जास्त आढळली होती, म्हणून हा कल आकाशातूनच आला असावा असं बरीच वर्षं वाटत होतं. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळपास सारखीच निघाली. मग पृथ्वीवरच्या जीवानं डावा हात केव्हा आणि का धरला, हा प्रश्न पुन्हा पहिल्या ओळीवर आला आहे.